पू स्वॉबवर नको, सिरिंजमध्ये घ्या: अनएरोबिक जंतूंचा रेझिस्टन्स पकडायचा कसा

ड्रेसिंग उघडलं की जो वास येतो ना, नाकात बसणारा, कुजलेला, दारापर्यंत पोचणारा, त्या वासातच अर्धं निदान असतं. सिस्टरला कळतं, वॉर्डबॉयला कळतं, घरच्यांना तर दोन दिवस आधीच कळलेलं असतं. आणि मग रिपोर्ट येतो, नो ग्रोथ. एवढा पू, एवढा वास आणि जंतू एकही नाही? जंतू होते हो, पण अनएरोबिक, म्हणजे हवा लागली की मरणारे, आणि लॅबला पोचायच्या आधीच मेले.

मी गोव्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करते आणि हा लेख लिहायचं कारण घरातलंच आहे. माझे मामा सत्तरी तालुक्यात राहतात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी फिरायची सवय, साखर पंधरा वर्षांपासून. पावसात पायात काहीतरी रुतलं, कळलंसुद्धा नाही कारण तळव्याला संवेदनाच नाही. तीन आठवड्यांत तीन वेळा स्वॉब (जखमेवरून फिरवलेली कापसाची काडी) गेला, तिन्ही वेळा नो ग्रोथ, आणि तेवढ्या वेळात क्लिंडामायसिन आणि अमिकासिन ही अँटिबायोटिक चालू. चौथ्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये आतलं मांस काढून ते नीट माध्यमात पाठवलं तेव्हा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस वाढला. क्लिंडामायसिनला रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला न जुमानणारा. अमिकासिन तर या जंतूला कधीच लागू पडत नाही. मेट्रोनिडाझोलला मात्र तो सेन्सिटिव्ह होता, म्हणजे त्याने मरणारा. मामांची दोन बोटं गेली. पाय वाचला.

तेव्हा हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरांसाठी, हेल्थ सेंटरवर ड्रेसिंग करणाऱ्यांसाठी, नव्या डॉक्टरांसाठी, लॅबमधल्या मुलामुलींसाठी, आणि घरात साखरेचा पेशंट असलेल्या प्रत्येकासाठी. आणि साखरेचा पेशंट आपल्याकडे कुणाच्या घरात नाही? २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाबचा मोठा अभ्यास छापून आला त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एक. पायाच्या जखमा आपल्याकडे येतच राहणार आहेत.

हे जंतू नक्की कोण

अनएरोब म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणारे जंतू, बऱ्याच जणांना हवा लागली की ते मरतात. बाहेरून यायची त्यांना गरजच नसते, ते आपल्यातच असतात, हिरड्यांच्या फटीत, मोठ्या आतड्यात, त्वचेच्या खळग्यात, योनिमार्गात. मोठ्या आतड्यात तर एका ई. कोलायमागे साधारण हजार अनएरोब असतात आणि तिथे ते आपल्या उपयोगाचेच आहेत. जागा सोडली की त्रास. अपेंडिक्स फुटलं, आतडं गळलं, दाताच्या मुळाशी पू झाला, झोपेत किंवा बेशुद्धीत लाळ फुफ्फुसात गेली, बाळंतपणानंतर गर्भाशयात इन्फेक्शन झालं, साखरेचा पाय चिघळला, मेंदूत गळू झालं, अशा ठिकाणी हे सापडतात आणि बहुतेक वेळा एकटे नसतात, दोनचार जाती एकत्र, सोबत ई. कोलाय किंवा स्ट्रेप्टोकोकस.

पोटातल्या इन्फेक्शनचा मुख्य म्हणजे बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस आणि त्याचे भाऊबंद. तोंडातले प्रिव्होटेला, पॉर्फिरोमोनास, फ्युझोबॅक्टेरियम. गोल आकाराचे फायनगोल्डिया आणि पार्विमोनास, ज्यांना आमचे जुने सर अजून पेप्टोस्ट्रेप्टोकोकसच म्हणतात. मग गॅस गँग्रीन आणि धनुर्वाताचे क्लॉस्ट्रिडियम. मुरुमांत आणि बसवलेल्या सांध्यांत सापडणारा क्युटिबॅक्टेरियम, आणि गालाला गाठी करणारा अ‍ॅक्टिनोमायसिस. एवढी नावं पुरे.

काही औषधं मुळातच चालत नाहीत

हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा, कारण इथे चुकलं की पुढचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) वगैरे व्यर्थ. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं जंतूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, अनएरोबकडे ती नाही, म्हणून ही औषधं त्यांच्यावर कधीच चालत नाहीत. मिश्र इन्फेक्शनमध्ये सोबतच्या ई. कोलायसाठी दिली तर गोष्ट वेगळी, पण अनएरोबसाठी म्हणून मोजू नका.

मेट्रोनिडाझोलचं उलटं. ते गोळीत असतं तेव्हा निष्क्रिय असतं, अनएरोबच्या आत गेल्यावर तिथली रसायनं त्याच्या नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून तयार झालेले क्रियाशील रेणू जंतूचा डीएनए फोडतात. जिथे हवा आहे तिथे हे घडतच नाही. याचा शोधसुद्धा अपघातानेच लागला. १९६२ मध्ये इंग्लंडमधले दंतवैद्य शिन यांच्या लक्षात आलं की ट्रायकोमोनास या योनिमार्गातल्या परजीवीसाठी मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या एका बाईच्या सुजलेल्या हिरड्यासुद्धा बऱ्या झाल्या, तिथून या औषधाची अनएरोबविरुद्धची वाट उघडली. पण सगळेच अनएरोब त्यात येत नाहीत. क्युटिबॅक्टेरियम आणि अ‍ॅक्टिनोमायसिस यांच्यावर मेट्रोनिडाझोल जन्मजातच चालत नाही, तिथे पेनिसिलीन लागतं. अ‍ॅक्टिनोमायसिसच्या पेशंटला महिना महिना मेट्रोनिडाझोल चाललेलं मी बघितलंय, गाठ होती तेवढीच.

आता कमावलेला रेझिस्टन्स. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसकडे जवळजवळ नेहमीच बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम असतं, जे साधं पेनिसिलीन, अँपिसिलीन खाऊन टाकतं, म्हणून तिथे क्लॅव्ह्युलॅनेट किंवा टॅझोबॅक्टम जोडलेलं औषध लागतं. प्रिव्होटेलातसुद्धा हे आता खूप दिसतं. क्लिंडामायसिनचा रेझिस्टन्स अर्म नावाच्या जीनमधून येतो, ती जीन औषध जिथे चिकटतं ती रायबोसोमवरची जागाच बदलते, आणि हा रेझिस्टन्स इतका पसरला की अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (आयडीएसए) २०१० च्या पोटातल्या इन्फेक्शनच्या मार्गदर्शनातून क्लिंडामायसिन बाजूला काढलं. मेरोपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टन्स देणारी सीएफआयए नावाची जीन बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसच्या एका गटात असते आणि कित्येकदा ती गप्प पडून असते, तिच्या पुढे डीएनएचा एक छोटा तुकडा येऊन बसला की ती चालू होते. म्हणजे आज सेन्सिटिव्ह दिसणारा जंतू उद्या तसाच असेल असं नाही. मेट्रोनिडाझोलसाठी निम नावाच्या जीन असतात. मेट्रोनिडाझोलला न जुमानणारा बॅक्टेरॉइड्स १९७८ मध्येच नोंदला गेलाय, आजही तो कमीच सापडतो, पण सापडतो.

आणि एक गोष्ट मला स्वतःला फार अस्वस्थ करते. टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स बॅक्टेरॉइड्समध्ये उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेला असतो, त्याच्यासोबत कधी क्लिंडामायसिनचाही, आणि टेट्रासायक्लीनचा स्पर्श झाला की तो तुकडा सुटून दुसऱ्या जंतूत जायचं प्रमाण कितीतरी पट वाढतं. औषधच दार उघडून देतं. आतड्यात हे सगळं आपल्याला न दिसता चालतं, पोट दुखत नाही, ताप येत नाही, पण पुढच्या वेळी अपेंडिक्स फुटेल तेव्हा पोटात सांडणारे जंतू हेच.

पहिली पायरी, सॅम्पल

इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण सगळं इथेच बिघडतं.

कापसाचा स्वॉब अनएरोबसाठी वाईट. कापसात हवा असते, सॅम्पल सुकतं, आणि वरवरच्या त्वचेचे जंतूच जास्त लागतात. पू असेल तर सिरिंजने ओढा. गळवावरची त्वचा नीट साफ करा, स्पिरिट लावलं तर सुकू द्या, मग सुई आत घालून पू ओढा, दोन एमएल तरी मिळाला तर उत्तम कारण जास्त पू असला की आतले जंतू जास्त वेळ तग धरतात. सिरिंजमधली हवा निर्जंतुक गॉज धरून बाहेर काढा, सुई काढून शार्प्सच्या डब्यात टाका आणि सिरिंजच्या तोंडाला निर्जंतुक टोपी लावा. सुईसकट सिरिंज पाठवू नका, कुणाच्या तरी हाताला टोचेल.

साखरेच्या पायाला आधी मेलेलं मांस काढा, सलाईनने भरपूर धुवा, मग जखमेच्या तळातून क्युरेटने (चमच्यासारख्या धारदार हत्याराने) खरवडून किंवा कापून मांसाचा तुकडा घ्या. हाड उघडं असेल तर हाडाचा तुकडा. वरचा पिवळा थर पुसून पाठवलात तर रिपोर्टमध्ये त्या थरावर बसलेली गर्दी येईल, आत कोण आहे ते कळणार नाही. मामांच्या बाबतीत तिन्ही वेळा नेमकं हेच झालं होतं, ड्रेसिंग सोडलं, वरून स्वॉब फिरवला, नळीत घातला.

जमलं तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी सॅम्पल घ्या. पेशंट सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने गंभीर झालेला असेल तर डोससाठी थांबू नका, पण सॅम्पलला दोनच मिनिटं लागतात, सिरिंज हातात घेऊनच जा.

रक्ताच्या कल्चरला अनएरोबिक बाटली वेगळी असते. सिरिंजने रक्त काढलं असेल तर त्या बाटलीत आधी घाला म्हणजे सिरिंजच्या टोकाला राहिलेली हवा तिच्यात जात नाही. बटरफ्लाय (नळी जोडलेली सुई) लावली असेल तर नळीत आधीच हवा असते, म्हणून मग एरोबिक, म्हणजे हवेत वाढणाऱ्या जंतूंची बाटली आधी. प्रत्येक बाटलीत ८ ते १० एमएल, मोठ्या माणसाला.

काही सॅम्पलमध्ये अनएरोबिक कल्चर मागूच नका. थुंकी, घशाचा स्वॉब, नेहमीची लघवी, योनिमार्गाचा स्वॉब, यांत अनएरोब असतातच, वाढले तरी काही अर्थ निघत नाही. शौचाचा नमुना फक्त क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलसाठी (अँटिबायोटिकनंतर जुलाब करणारा जंतू). फुफ्फुसाच्या गळवाला थुंकी नको, छातीतलं पाणी किंवा सरळ गळवातून ओढलेला पू हवा.

दुसरी पायरी, पाठवणं

पू सिरिंजमध्ये असेल तर शक्यतो अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा. आता वाळपईहून किंवा काणकोणहून पणजी-बांबोळीकडच्या लॅबपर्यंत यायला तासाच्या वर लागणार, पावसात झाड आडवं पडलं तर विचारूच नका. म्हणून लांबच्या सेंटरवर रॉबर्टसन कुक्ड मीट किंवा थायोग्लायकोलेट या माध्यमांच्या नळ्या ठेवा, त्यांत अनएरोब जिवंत राहतात. पू किंवा मांस थेट त्या नळीच्या तळाशी सोडा, वर वर नको. कुक्ड मीटची नळी जुनी असेल तर आधी पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात धरून थंड करून मग वापरा, त्यात विरघळलेली हवा निघून जाते. थायोग्लायकोलेटच्या वरच्या भागात गुलाबी पट्टा दिसतो, तो एक तृतीयांशच्या वर खाली उतरला असेल तर त्यात हवा शिरलीय, एकदाच उकळून घ्या, दुसऱ्यांदा तसं झालं तर फेकून द्या.

फ्रिजमध्ये ठेवू नका. बाकीच्या बऱ्याच सॅम्पलना फ्रिज चालतो म्हणून सवयीने हेही आत जातं आणि थंडीत ऑक्सिजन जास्त विरघळतो, काही नाजूक जाती तिथेच संपतात. खोलीतल्या तापमानाला ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, तिथे ते शिजेल.

फॉर्मवर चार शब्द लिहा हो. वास येतोय का, त्वचेखाली हवा कुरकुरते का, साखर आहे का, कुठली अँटिबायोटिक किती दिवस चालू आहेत. नुसतं पस कल्चर लिहिलं तर बऱ्याच लॅब फक्त हवेतलं कल्चर लावतात, कारण अनएरोबिकला वेगळा खर्च येतो. स्पष्ट अनएरोबिक कल्चर असं लिहा आणि लॅबला फोन करून सांगा की पाठवतोय.

तिसरी पायरी, लॅबमध्ये

हे टेक्निशियन मुलांसाठी, बाकीच्यांनी वरवर वाचलं तरी चालेल.

सगळ्यात आधी ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं), आणि तो नीट बघा. स्लाइडवर पू पेशी आणि तीनचार आकारांचे जंतू दिसतायत पण दुसऱ्या दिवशी हवेतल्या प्लेटवर काहीच नाही किंवा एकच जात वाढलीय, तर उरलेले अनएरोब असण्याची शक्यता खूप. ही स्लाइड फेकू नका, डॉक्टरला त्याच दिवशी फोन करा, तो फोन कल्चरच्या रिपोर्टपेक्षा दोन-तीन दिवस आधी उपयोगी पडतो.

जंतू वाढवायची प्लेट म्हणाल तर हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेली ब्लड अगर, सोबत बॅक्टेरॉइड्ससाठी बाइल एस्क्युलिन अगर, त्यावर फ्रॅजिलिसचा गट काळा होतो, आणि मिश्र सॅम्पलला कॅनामायसिन-व्हँकोमायसिन घातलेली प्लेट. पहिल्या रेघांच्या पट्ट्यात ५ मायक्रोग्रामची मेट्रोनिडाझोल डिस्क ठेवा, तिच्याभोवती मोकळं वर्तुळ पडलं तर तिथे अनएरोब आहे याचा लगेच अंदाज येतो. पण वर्तुळ नाही म्हणून अनएरोब नाही असं लिहू नका, क्युटिबॅक्टेरियम आणि अ‍ॅक्टिनोमायसिस वर आलेच आहेत.

प्लेट ज्या ऑक्सिजन काढलेल्या हवाबंद जारमध्ये ठेवतो ती जार बंद केल्यावर ४८ तास उघडायची नाही. माहितीये की डॉक्टर फोन करत असतात. पण वाढ सुरू झालेल्या नाजूक जंतूला मध्येच हवा लागली तर तो गेला. गॅस गँग्रीनचा संशय असेल तर दुसरी जार वेगळी लावा, त्याचा जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स एका दिवसात दिसतो. काही वाढलं नाही तर निदान पाच दिवस थांबा, अ‍ॅक्टिनोमायसिसचा संशय असेल तर दोन आठवडे. वाढलेली प्रत्येक वसाहत हवेत आणि हवेशिवाय अशी दोन्हीकडे परत लावून बघा, कारण अनएरोबिक प्लेटवर ई. कोलायसुद्धा मजेत वाढतो. ओळख पटवायला आता माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) असेल तर काम झटपट होतं. नसेल तर व्हँकोमायसिन ५, कॅनामायसिन १०००, कोलिस्टिन १० या तीन डिस्क लावा, फ्रॅजिलिसचा गट तिन्हींना दाद देत नाही.

चौथी पायरी, रेझिस्टन्स मोजणं आणि खोटा रेझिस्टन्स

मोजायची मूळ पद्धत अगर डायल्युशन (औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदललेल्या प्लेटवर जंतू वाढवणं), ती रोजच्या कामात कुणाला झेपत नाही. तेच द्रवात करायचं ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, ते सीएलएसआय (लॅबचे नियम ठरवणारी अमेरिकेतली संस्था) फक्त बॅक्टेरॉइड्सच्या गटापुरती मानतं. आपल्यासारख्या लॅबना ई-टेस्टची पट्टी (चढत्या प्रमाणात औषध लावलेली) किंवा डिस्क. डिस्कची सोय २०२२ पासून युकास्टने (तशीच युरोपातली संस्था) दिलीय, पण ती फॅस्टिडियस अनएरोब अगरमध्ये घोड्याचं रक्त घातलेल्या प्लेटवरच, ठराविक पाच जातींसाठी, आणि १६ ते २० तासांनी वाचायची. साध्या ब्लड अगरवर डिस्क लावून हवेतल्या जंतूंच्या तक्त्यातून झोन (डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ) वाचणं ही चूक मी कित्येक रिपोर्टांत बघितलीय, त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

ब्रेकपॉइंट, म्हणजे सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट ठरवणारी औषधाच्या प्रमाणाची सीमा, कुठला वापरलात ते रिपोर्टवर लिहा. मेट्रोनिडाझोलसाठी सीएलएसआय ८ (मायक्रोग्राम प्रति एमएल) पर्यंत सेन्सिटिव्ह आणि ३२ पासून रेझिस्टंट म्हणतं, युकास्ट बॅक्टेरॉइड्ससाठी ४ वरच थांबतं. दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

आता खोटा रेझिस्टन्स, हे मी आमच्याच लॅबमध्ये भोगलंय. एका जुलैत ओळीने चार सॅम्पल मेट्रोनिडाझोलला रेझिस्टंट आले. पहिल्या दोघांचं आम्ही मनावर घेतलं, नवीन काहीतरी पसरतंय असं वाटलं. चौथ्याला मी जारमधला इंडिकेटर (ऑक्सिजन उरलाय का ते रंगाने दाखवणारा) नीट बघितला तर तो पूर्ण पांढरा झालेलाच नव्हता, फिकट निळा होता. जारमध्ये थोडा ऑक्सिजन राहत होता. पावसाळ्यातल्या दमटपणात जारमधला ऑक्सिजन संपवायला मदत करणारा पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट ओला होऊन मेला होता. जंतू त्या थोड्या हवेत कसेबसे वाढत होते पण मेट्रोनिडाझोल चालू व्हायला जी पूर्ण ऑक्सिजनमुक्त स्थिती लागते ती नव्हती, म्हणून सगळे रेझिस्टंट दिसत होते. चारही परत लावले, चारही सेन्सिटिव्ह. दोन रिपोर्ट गेलेले होते, ते फोन करून मागे घेतले.

तेव्हापासून आमचा नियम असा. कॅटॅलिस्टच्या गोळ्या प्रत्येक वापरानंतर ओव्हनमध्ये १६० डिग्रीला दोन तास तापवून कोरड्या करायच्या. कॅटॅलिस्ट न लागणारी गॅसची पाकिटं वापरत असाल तर पाकीट फोडल्यावर मिनिटभरात जार बंद व्हायला हवी. झाकणाची रबर रिंग महिन्यातून एकदा बघायची. प्रत्येक जारमध्ये इंडिकेटर, आणि सोबत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या कंट्रोलची प्लेट मेट्रोनिडाझोलच्या डिस्कसकट. तिचा झोन छोटा आला तर त्या जारमधला एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही, कुणीही कितीही घाई केली तरी.

आणि उलटी चूकही होते. निमवाले जंतू हळू वाढतात, मोकळ्या झोनच्या आत बारीक बारीक वसाहती दिसतात, त्या काही जण घाण समजून सोडून देतात. तसं दिसलं तर प्लेट परत जारमध्ये घालून ४८ तासांनी, गरज पडली तर ७२ तासांनी बघा, त्या वसाहती उचलून शुद्ध करून परत टेस्ट लावा. मेट्रोनिडाझोलचा किंवा मेरोपेनेमचा खरा रेझिस्टन्स निघाला तर तो जंतू जपून ठेवा आणि मोठ्या लॅबकडून खात्री करून घ्या.

पाचवी पायरी, रिपोर्ट हातात आल्यावर

डॉक्टरांनो, रिपोर्टमध्ये बॅक्टेरॉइड्ससमोर अमिकासिन सेन्सिटिव्ह लिहिलेलं दिसलं तर लॅबला फोन करा, काहीतरी गडबड आहे.

पू बाहेर काढणं सगळ्यात आधी. बंद गळवात औषध नीट पोचत नाही आणि तिथला सेन्सिटिव्ह जंतूसुद्धा रेझिस्टंटसारखा वागतो. औषध बदलत बसण्याआधी सोनोग्राफी करून आत काही साठलंय का ते बघा.

दोन-दोन अनएरोबची औषधं एकत्र देऊ नका. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसोबत मेट्रोनिडाझोल, मेरोपेनेमसोबत मेट्रोनिडाझोल, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हसोबत मेट्रोनिडाझोल, हे मी रोज बघते. पहिलं औषध एकटंच अनएरोब सांभाळतं, दुसऱ्याने फायदा होत नाही, आतड्यातल्या बाकीच्या जंतूंवर मात्र दुहेरी मारा होतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत मेट्रोनिडाझोल बरोबर आहे कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा बॅक्टेरॉइड्सवर भरवसा नाही. अमिबाचं लिव्हरमधलं गळू असेल किंवा डिफिसिलचा विचार असेल तर हिशेब वेगळा. मेरोपेनेम चालू असेल तर त्याला रेझिस्टन्स येईपर्यंत थांबू नका, जंतू साध्या औषधाला सेन्सिटिव्ह असेल तर रिपोर्ट आल्या दिवशी त्या साध्या औषधावर या.

पोटातली गळती नीट बंद केली, पू काढला, तर २०१५ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत सुमारे चार दिवसांचं अँटिबायोटिक जास्त दिवसांच्या कोर्सइतकंच उपयोगी ठरलं. हाडाच्या इन्फेक्शनला हे लागू नाही, तिथे आठवडे लागतात. आणि पेशंट खायला लागला की मेट्रोनिडाझोलची सलाईन बंद करून गोळी द्या, पोटातून ते जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, हाताला उगाच सुई कशाला.

घरच्यांसाठी

पातळ शौचाला फार्मसीतून ओफ्लोक्सासिन-ओर्निडाझोलची पट्टी आणणं बंद करा. बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात, पाणी, ओआरएस आणि वेळ एवढंच लागतं. रक्त पडत असेल, ताप असेल, म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर. घरात उरलेली मेट्रोजिलची (म्हणजे मेट्रोनिडाझोलचीच) अर्धी पट्टी शेजारणीला देऊ नका. पट्टीवर लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, सरकारने २०१६ मध्ये ही खूण लोकांना समजावण्यासाठी मोहीमसुद्धा केली होती.

दाताला सूज आली की गोळीने दोन दिवस उतरते आणि माणूस दंतवैद्याकडे जायचं टाळतो. आतला पू तसाच राहतो, महिन्याने परत सूज, परत तीच गोळी. दात उघडून पू काढणं किंवा दात काढणं हाच उपाय, गोळी त्याच्या जोडीला लागली तर लागेल.

मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, आणि उर्राकच्या (काजूच्या बोंडांच्या दारूच्या) दिवसांत लोक दारू सोडण्यापेक्षा गोळी सोडतात. तसं करणार असाल तर डॉक्टरला आधीच खरं सांगा, दुसरं औषध बघता येतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगाच, दोन्ही एकत्र आले की रक्तस्राव होऊ शकतो. तोंडाला धातूसारखी चव येते, त्याला घाबरू नका, पण हातापायांना मुंग्या आल्या तर कळवा.

अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब लागले तर ते बंद करायची गोळी घेऊ नका, डॉक्टरकडे जाऊन अमुक अँटिबायोटिक झालंय असं सांगा. ते क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल असू शकतं. आतड्यातले चांगले अनएरोब औषधाने मेले की त्यांच्या जागी हा बसतो, आणि हासुद्धा मेट्रोनिडाझोलला पूर्वीसारखा ऐकत नाही. २०२० मध्ये त्याच्यात मेट्रोनिडाझोलचा रेझिस्टन्स वाहून नेणारा प्लाझ्मिडसुद्धा (डीएनएचं छोटं सुटं कडं) सापडला. आता पहिली पसंती फिडॅक्सोमायसिन किंवा तोंडाने घेतलेलं व्हँकोमायसिन.

साखरवाल्यांनी रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात बघायचे, आणि कुळागरात, शेतात, चवथीच्या माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान आणायला रानात जाताना पायात काहीतरी घालायचं. जखमेला वास सुटला तर त्याच दिवशी डॉक्टर, हळद लावून दोन दिवस वाट बघायची नाही. डॉक्टरांना सरळ विचारा की पू सिरिंजमधून पाठवणार की स्वॉबवर. विचारलेलं त्यांना वाईट वाटत नाही, मी तरी अजून तसं बघितलेलं नाही.

आणि रिपोर्ट जपून ठेवा. मामांनी तो रिपोर्ट रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. गेल्या पावसात दुसऱ्या पायाला जखम झाली तेव्हा मामीने डॉक्टरांच्या टेबलावर आधी ती पिशवी ठेवली आणि म्हणाली, डॉक्टर, क्लिंडामायसिन ह्यांना मागच्या वेळी लागू पडलं नव्हतं, यात लिहिलंय. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पायाचा तळ खरवडून सॅम्पल घेतलं, कुक्ड मीटच्या नळीत घातलं, आणि ती नळी मामेभाऊ स्कूटरवरून दुपारच्या आत माझ्याकडे घेऊन आला.